दोन मिनिटांचा सल्ला

पर्युषणात अठ्ठाई करणारे एखादे गृहस्थ प्रत्येक संघात असतात, ज्यांच्या तपाची सारे गाव अनुमोदना करते आणि ज्यांच्या खिशातील पुडीविषयी सारे घर मौन पाळते. आठ दिवस उकळलेल्या पाण्याखेरीज त्यांच्या मुखात काही जात नाही. तंबाखूही जात नाही. संवत्सरी होते, पारणे होते, वरघोडा निघतो. आणि मग चार-सहा दिवसांनी, मार्केट यार्डातील गाळ्यावर चहा झाल्यानंतर, हात सवयीने पुन्हा खिशाकडे वळतो. घरात यावर एकच निष्कर्ष निघतो : एवढे मोठे तप करणाऱ्याला एवढीशी गोष्ट सुटत नाही, म्हणजे सोडण्याचे मनच नाही.

हा निष्कर्ष बरोबर आहे काय, याचा शोध घेण्यात लंडनमधील एका डॉक्टरांनी आपले सारे कार्यजीवन वेचले. त्यांचे नाव मायकेल रसेल. त्यांचा जन्म १९३२ साली दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथे झाला. ते मानसोपचारतज्ज्ञ होते आणि लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयाशी संलग्न असलेल्या मानसोपचार संस्थेच्या व्यसन संशोधन विभागात त्यांनी काम केले. २००९ मध्ये त्यांचे निधन झाले. आज जगभर तंबाखू सोडण्यासाठी जे उपचार दिले जातात, त्यांच्या पायाचे बरेचसे दगड त्यांनी रचलेले आहेत.

रसेल यांनी या विषयात लक्ष घातले तेव्हा धूम्रपानाने फुप्फुसाचा कर्करोग होतो, ही गोष्ट सिद्ध झालेली होती. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० मध्येच तसे पुरावे मांडले होते. अमेरिकेच्या सर्जन जनरलांचा प्रसिद्ध अहवाल १९६४ मध्ये आला. परंतु त्याच अहवालाने तंबाखूला व्यसनाच्या पंक्तीत न बसवता केवळ ‘सवय’ म्हटले होते. सवय म्हटली की उपाय सोपा वाटतो : धोका सांगा, माणूस सोडील. प्रत्यक्षात धोका समजूनही लाखो लोक सोडू शकत नव्हते. ज्यांना सोडायचे आहे त्यांनाही का सुटत नाही, हा प्रश्न रसेल यांनी हाती घेतला. धूम्रपान हा अवलंबित्वाचा विकार आहे, अशी मांडणी त्यांनी १९७१ मधील एका निबंधात केली. त्या काळी हे म्हणणे धाडसाचे होते.

ही मांडणी त्यांनी तर्कावर सोडली नाही. सहकाऱ्यांच्या मदतीने त्यांनी धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तातील निकोटिनचे प्रमाण मोजण्यास आरंभ केला. तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसून आली. कमी निकोटिनची, ‘सौम्य’ म्हणून विकली जाणारी सिगारेट दिली तर माणूस ती अधिक खोल आणि अधिक वेळा ओढतो, आणि रक्तातील निकोटिनची पातळी आपल्या नेहमीच्या रकमेजवळ आणून ठेवतो. हे तो जाणूनबुजून करीत नाही. ज्याप्रमाणे चालू खात्यात किमान शिल्लक राखावी लागते, त्याप्रमाणे शरीर आपली शिल्लक राखते. ती उतरली की तगादा सुरू होतो. चिडचिड, अस्वस्थता, कामात लक्ष न लागणे, झोपमोड, अवेळी भूक ही त्या तगाद्याची लक्षणे होत.

हा करार इतका घट्ट का होतो, हे साध्या गुणाकाराने कळते. श्वासावाटे गेलेले निकोटिन अवघ्या काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. एका सिगारेटीचे सुमारे दहा झुरके आणि दिवसाच्या वीस सिगारेटी धरल्या, तर दिवसाला २०० आणि वर्षाला ७३,००० वेळा मेंदूला ते औषध मिळते. दुसऱ्या कोणत्याही व्यसनात एवढ्या वेळा आवृत्ती होत नाही. शिवाय प्रत्येक आवृत्ती कशाशी तरी जोडली जाते : चहाचा पेला, जेवणानंतरची वेळ, सौदा ठरल्याचा आनंद, उधारी अडकल्याची चिंता. म्हणून अवलंबित्वाच्या दोन बाजू असतात. एक रक्तातील आणि दुसरी प्रसंगांशी बांधलेली. पहिली बाजू साधारणतः पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक त्रास देते आणि काही आठवड्यांत ओसरते. दुसरी मात्र कित्येक महिने दबा धरून बसते.

अठ्ठाई करणाऱ्या गृहस्थांचे कोडे येथे उलगडते. उपवासाच्या आठ दिवसांत त्यांनी सर्वांत अवघड टप्पा पार केलेला असतो. परंतु ते दिवस उपाश्रयाच्या वातावरणात, व्याख्यान-प्रतिक्रमणात गेलेले असतात. तेथे पुडीची आठवण करून देणारे काहीच नसते. गाळ्यावर परतताच तोच चहा, तोच तक्क्या, तेच दलाल आणि तोच महिनाअखेरचा ताण समोर येतो. तेथे मन दुर्बळ झाले असे म्हणणे हा अन्याय आहे. ज्या ठिकाणी खरी परीक्षा होती, त्या ठिकाणासाठी त्यांना कोणी तयारच केलेले नव्हते.

रसेल यांनी १९७६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आणखी एक मुद्दा मांडला. माणसाला बांधून ठेवते ते निकोटिन. परंतु धूम्रपानातील बहुतेक मृत्यूंचे कारण असतो तो जळत्या तंबाखूचा धूर आणि त्यातील डांबर. मग निकोटिन धुराशिवाय देता आले आणि हळूहळू कमी करता आले, तर सुटका सोपी होणार नाही काय?

हे साधन स्वीडनमध्ये घडत होते. १९६७ मध्ये लुंड येथील क्लास लुंडग्रेन यांनी हेल्सिंगबोर्ग येथील औषध कंपनीतील रसायनतज्ज्ञ ओवे फेर्नो यांना एक निरीक्षण कळविले. पाणबुडीत धूम्रपानास बंदी असते. तेथे खलाशी चघळण्याच्या तंबाखूवर वेळ निभावून नेतात. त्यावरून निकोटिनचे च्युइंगगम तयार झाले. त्यातील एक युक्ती आपल्याकडील वाचकांना सहज समजेल. निकोटिन तोंडाच्या त्वचेतून शोषले जाण्यासाठी तेथे अल्कधर्मी वातावरण लागते. म्हणून त्या गममध्ये तसा क्षार घातलेला असतो. आपल्याकडे तळहातावर तंबाखूत चुना मळतात, त्यामागील रसायन हेच. फरक एवढाच, आणि तो जीवनमरणाचा आहे, की गममध्ये निकोटिन असते, तंबाखूतील कर्करोगकारक द्रव्ये नसतात.

रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गमची कसोशीने परीक्षा घेतली. त्यांच्या १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ११६ जण होते. निम्म्यांना निकोटिनचे गम दिले आणि निम्म्यांना तसेच दिसणारे, परंतु प्रभावी मात्रा नसलेले. वर्षअखेर पहिल्या ५८ पैकी २७ जण धूम्रपानमुक्त होते, तर दुसऱ्या ५८ पैकी १२ जण. दोन्ही गटांचे समुपदेशन सारखेच आणि निश्चयही सारखाच. तरी यश दुपटीहून अधिक. जर हा केवळ मनोबलाचा प्रश्न असता, तर हा फरक पडला नसता.

परंतु रसेल यांच्या कार्यातील सर्वांत मोठा धडा याहून साधा आहे, आणि व्यापारी घराण्यातील वाचकांना तो अधिक जवळचा वाटेल. १९७९ मध्ये त्यांनी लंडनमधील पाच दवाखान्यांतील २८ सामान्य डॉक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्दी-खोकला, पाठदुखी अशा कोणत्याही कारणासाठी आलेल्या २,१३८ धूम्रपान करणाऱ्यांचे चार गट केले होते. पहिल्या गटाला काहीच केले नाही. दुसऱ्याकडून फक्त प्रश्नावली भरून घेतली. तिसऱ्या गटाला डॉक्टरांनी एक-दोन मिनिटांत सोडण्याचा स्पष्ट सल्ला दिला. चौथ्याला तोच सल्ला, सोबत एक पत्रक आणि ‘पुढे तुमची चौकशी केली जाईल’ अशी सूचना. पहिल्या महिन्यात सोडून वर्षानंतरही मुक्त राहिलेल्यांचे प्रमाण चार गटांत अनुक्रमे ०.३, १.६, ३.३ आणि ५.१ टक्के होते.

५.१ टक्के ही संख्या पाहून प्रथमदर्शनी कोणीही निराश होईल. शंभरातील पंचाण्णव जण तसेच राहिले. रसेल यांनी मात्र हा हिशेब किराणा व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिला : नफा थोडा, उलाढाल मोठी. ब्रिटनमधील सर्व सामान्य डॉक्टरांनी एवढेच केले, तर वर्षाला पाच लाखांहून अधिक लोक धूम्रपानमुक्त होतील, असा अंदाज त्यांनी मांडला. त्या वेळी देशात सुमारे पन्नास खास उपचार केंद्रे होती. ती वाढवून दहा हजार केली तरी एवढे यश मिळणार नाही, असेही त्यांनी दाखवून दिले. आणि आकड्यांच्या त्या मालिकेत आणखी एक शिकवण दडलेली आहे. ३.३ वरून ५.१ पर्यंतची वाढ एका पत्रकाने आणि ‘पुन्हा विचारू’ या शब्दांनी झाली. सल्ला देऊन विसरणारा आणि सल्ला देऊन पाठपुरावा करणारा, यांत एवढे अंतर असते.

या विचारांना मान्यता मिळण्यास वेळ लागला. १९८८ च्या अहवालात अमेरिकेच्या सर्जन जनरलांनी निकोटिन हे व्यसनकारक द्रव्य असल्याचे स्पष्ट केले. १९६४ ची ‘सवय’ पुसायला २४ वर्षे गेली. ब्रिटनमध्ये गम १९८० पासून मिळू लागले, परंतु सरकारी आरोग्यसेवेच्या खर्चाने मिळण्यासाठी २००१ साल उजाडावे लागले. जागतिक आरोग्य संघटनेने निकोटिन पर्यायी उपचाराचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या आदर्श यादीत केला तो २००९ मध्ये, म्हणजे रसेल यांच्या निधनाच्याच वर्षी.

भारतातील चित्र वेगळे आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार प्रौढांपैकी २८.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरतात. त्यांत धूरविरहित तंबाखूचे प्रमाण २१.४ टक्के, तर धूम्रपानाचे १०.७ टक्के आहे. म्हणजे आपला मुख्य शत्रू ओठाखाली आणि गालात दडलेला आहे. त्याच्याशीही याच मार्गाने लढता येते, हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाने दाखवून दिले. डॉ. फली मेहता आणि डॉ. प्रकाश गुप्ता यांच्यासह तेथील संशोधकांनी केरळमधील एर्नाकुलम, आंध्रमधील श्रीकाकुलम आणि गुजरातमधील भावनगर या जिल्ह्यांत सुमारे ३६,००० तंबाखू वापरणाऱ्यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. घरोघर जाऊन तोंड तपासायचे, समजावून सांगायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा जायचे, ही त्यांची पद्धत. ज्यांनी सोडले त्यांच्या तोंडातील कर्करोगपूर्व चट्ट्यांचे प्रमाण घटल्याचे दिसून आले. शत्रुंजय ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील खेड्यांनी जगाला दिलेला हा पुरावा आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. तंबाखू नको म्हणून ‘साधी’ सुपारी किंवा पान मसाला चालतो, असे अनेक घरांत मानले जाते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २००४ मधील प्रकाशनात सुपारी स्वतःच मानवास कर्करोगकारक ठरविलेली आहे. तोंड हळूहळू उघडेनासे होणे, हा विकार सुपारीमुळेच होतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. परंतु पुड्या वेगवेगळ्या करून विकल्या तरी तोंडात गेल्यावर त्या एकच होतात.

सप्त व्यसनांच्या प्राचीन यादीत तंबाखूचे नाव नाही, कारण ती भारतात आली पोर्तुगीजांबरोबर, फार नंतर. परंतु व्यसनातून बाहेर काढण्याची रीत मात्र परंपरेत आहे. कवड यक्षाची कथा अनेकांनी व्याख्यानात ऐकली असेल. पूर्वजन्मी तो मद्याच्या आहारी गेलेला विणकर होता. गुरूंनी त्याला झिडकारले नाही. एकदम सर्वत्यागाची प्रतिज्ञाही दिली नाही. गंठसीचे पच्चक्खाण दिले : वस्त्राला गाठ मारलेली असेल तोवर मुखात काही घालायचे नाही. इच्छा आणि कृती यांच्यामध्ये एक गाठ आली. नवकारशीचेही तसेच. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांपर्यंत मुखात काही नाही. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ कार्ल फागरस्ट्रॉम यांनी अवलंबित्व मोजण्यासाठी जी प्रश्नावली तयार केली, तिच्यातील एक कळीचा प्रश्न हाच आहे : झोपेतून उठल्यावर किती वेळाने पहिली सिगारेट? पाच मिनिटांच्या आत असेल तर अवलंबित्व तीव्र. तासानंतर असेल तर सौम्य. ज्याला नवकारशी पाळणे केवळ पुडीमुळे अवघड जाते, त्याने हे लक्षण समजून घ्यावे. त्याला उपदेशाबरोबर उपचाराचीही गरज आहे.

तो उपचार उपलब्ध आहे. तंबाखू सोडण्यासाठी शासनाची विनामूल्य दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर आहे. अनेक शासकीय व दंत रुग्णालयांत समुपदेशन मिळते. निकोटिनचे गम औषधांच्या दुकानांत मिळते. ते साध्या च्युइंगगमसारखे सतत चघळायचे नसते. थोडे चघळावे, चुणचुण जाणवताच गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवावे आणि ती ओसरली की पुन्हा चघळावे. चहा-कॉफी घेण्याने तोंडातील क्षारता कमी होते, म्हणून त्यापूर्वीची व दरम्यानची काही मिनिटे चहा टाळावा. चौविहार पाळणाऱ्यास सूर्यास्तानंतर गम घेता येणार नाही. त्याने तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, म्हणजे त्वचेवर लावण्याच्या पट्टीचा विचार करता येईल. हृदयविकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय यांपैकी काहीही घेऊ नये. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम किंवा तोंड कमी उघडणे, यांपैकी काही आढळल्यास एक दिवसही वाया घालवू नये.

सर्वांत अवघड काम मात्र घरातील मौन मोडण्याचे आहे. आपल्या समाजात तंबाखू खाणारा मुलगा वडिलांपासून लपवतो, वडील महाराजसाहेबांपासून लपवतात, आणि आई दोघांच्याही खिशांना हात लावीत नाही. प्रतिष्ठेसाठी झाकलेल्या या खात्याची वसुली शेवटी शस्त्रक्रियेच्या टेबलावर होते. जो लपवतो तो उपचार मागू शकत नाही. म्हणून पहिला शब्द दोष देणारा नसावा. ‘तुम्ही का सोडत नाही?’ याऐवजी ‘सोडताना काय अवघड जाते?’ असे विचारावे. उत्तर ऐकून घ्यावे, तारीख ठरवावी, आणि त्या तारखेनंतर पुन्हा विचारावे. पर्युषणानंतरचे चार आठवडे गाळ्यावरचा चहा बदलावा, पुडीची जागा बडीशेपेच्या डबीने घ्यावी आणि एका भागीदाराने सोबत राहावे. एकदा अपयश आले तर ते व्रत मोडले असे समजू नये. बहुतेकांना अनेक प्रयत्नांनंतरच यश येते.

व्यापाऱ्याच्या हाती घराबाहेरही बरेच काही आहे. दुकानातील मुनीमजी, हमाल, टेम्पोचालक यांच्याशी रोज दोन शब्द होतातच. त्यांत वर्षातून एकदा दोन मिनिटांची भर घालणे कोणालाही अशक्य नाही. आणि ज्यांच्या गल्ल्यापाशी पुड्यांच्या माळा लटकत असतील, त्यांनी श्रावकाच्या पंधरा कर्मादानांची यादी एकदा पुन्हा वाचावी. तिच्यात विषवाणिज्य हा शब्द आहे.

अठ्ठाई करणाऱ्या त्या गृहस्थांकडे येऊ. पुढच्या पर्युषणातही ते तप करतील आणि गाव पुन्हा अनुमोदना करील. पारण्याच्या वेळी मुगाचे पाणी देणाऱ्या हाताने हलकेच विचारावे, “नववा दिवस कसा काढायचा, ते आपण मिळून ठरवू या का?” शंभर घरांत असे विचारले गेले, तर सगळी शंभर माणसे सुटणार नाहीत. पाच सुटली तरी पाच घरांचा कर्ता माणूस वाचेल. दोन मिनिटांच्या भांडवलावर याहून चांगला परतावा कोणत्याही व्यापारात मिळत नाही.